तीनदा विचारायची रीत

१२ जानेवारी १९६२, शुक्रवार

आलो एकदाचा तांड्यावर! फुलसावंगीला बस सोडली, पुढे बैलगाडी. ट्रंकेत दोन सदरे आणि चार देशांच्या राज्यघटना. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, ट्रंक उचलून पाहिली आणि म्हणाली, "नागपूरहून दगडं भरून आणले का रे?" म्हटलं, घटना आहेत. म्हणाली, "मंग वर ठेव, उंदीर खातीन."

आमचे सर म्हणतात, प्रबंधाची टिपणं वेगळी ठेवा आणि मनातलं वेगळं लिहा, नाहीतर दोन्ही नासतं. म्हणून ही वही. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण इथे सगळ्यांचं बोलणं मराठीत उतरवणार, याडी बाजारात बोलते तसल्या मराठीत.

माझा विषय ऐकून सर खुर्चीतून उठलेच होते. आमच्या तांड्याची नसाब आणि स्वित्झर्लंडातल्या डोंगरी लोकांची सभा, यांची तुलना! नसाब म्हणजे आमची पंचायत. तांड्यातले बाप्ये मुखियाच्या, म्हणजे रामधन नाईकांच्या, लिंबाखाली बसतात, वाद ऐकतात. मत नाही, मोजणी नाही. शेवटी नाईक तीनदा विचारतात, "वांधो छ कांई?" म्हणजे कोणाची हरकत आहे का. तीनदा कोणी बोललं नाही की निकाल पक्का. मग गूळ वाटतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. जगात अशी राज्यघटना कुठं आहे? इंग्लंडची घटना लिहिलेली नाही म्हणून पुस्तकं तिचं कौतुक करतात. अरे, आमची तर बोललेलीसुद्धा नाही, नुसती गप्प बसलेली आहे!

घरात आता तीन माणसं. याडी, भोजाई म्हणजे वहिनी रुपीबाई आणि तिची चार वर्षांची जमनी. माझा मोठा भाऊ देवीलालदादा तापानं गेला त्याला दीड वर्ष झालं. त्याची खाट ओसरीवर आहे, तिच्यावर मी झोपावं असं याडीनं ठरवून टाकलं. मी नको म्हटलं. भोजाईनं खाली चटई टाकली.

१५ जानेवारी, सोमवार

दुपारी आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ग्लारूसबद्दल वाचत होतो. स्वित्झर्लंडातला हा एक मुलूख. वसंतात एका रविवारी सगळी माणसं चौकात उघड्यावर जमतात, हात वर करून कायदे करतात. ऊन कोवळं होतं, कापसाची बोंडं फुटलेली, कुठंतरी होले घुमत होते. डोळा लागला. स्वप्नात ग्लारूसचा चौक आमच्या लिंबाखाली आला होता. बर्फाचे डोंगर फुलसावंगीच्या वाटेवर, आणि फेटे बांधलेले गोरे लोक हात वर करून मला विचारत होते, वांधो छ कांई? मी सगळ्यांना नाही, नाही म्हणत होतो. फार सुख वाटत होतं.

डोळे उघडले तर भोजाई उभी. कापूस वेचून तिची ओटी भरली होती. तिच्या काचळीवरच्या आरशांतून उजेडाचे ठिपके माझ्या पुस्तकावर नाचत होते. म्हणाली, "भाकर आणली. काय पाह्यत होते झोपेत? हसून राह्यले होते."

मी तिला सगळं ग्लारूस सांगितलं. ती कापसातला काडीकचरा वेचत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अन् तिथल्या बाया कुठं बसतात?"

"चौकात असतील ना."

"असतीन का हायेत?"

घ्या! आता हे कुठं लिहिलंय? पुस्तक चाळलं. बायकांबद्दल एक ओळ नाही. म्हटलं, सरांना पत्र टाकून विचारतो. ती म्हणाली, "पुसा, पुसा. घाई नाही." आणि उठून गेली. तिची चाल मोठी सरळ आहे, डोक्यावर ओझं असो की नसो. संध्याकाळी टिपणात फक्त इतकंच लिहून झालं, 'ग्लारूस: चौक, बाया?'

२३ जानेवारी, मंगळवार

तांड्याच्या शाळेवर नवे गुरुजी आहेत, नागोराव. शेजारच्या गावचे, बौद्ध. छप्पन्न साली त्यांच्या घरादारानं दीक्षा घेतली. त्यांच्याशिवाय माझ्याशी घटनेवर बोलणारं इथं दुसरं कोण आहे? मी त्यांना नसाबीच्या शांततेचं तत्त्वज्ञान ऐकवलं. चांगला तासभर बोललो असेन. ते पोरांच्या पाट्या तपासत होते.

शेवटी म्हणाले, "राठोड, तुमचं बोलनं गोड हाये. पन आमच्या वस्तीत दीक्षा झाली तवा प्रत्येकानं तोंडानं म्हटलं. माह्या मायनं म्हटलं, सत्तर वर्साच्या आजीनं म्हटलं. गप्प राहून कोनी बौद्ध झालं नाही."

मी म्हटलं, तो धर्म, हे राज्यशास्त्र. ते हसले. मला त्यांच्या हसण्याचा राग आला, उगाच. परत येताना पळसाच्या फांद्यांवर काळ्या कळ्या दिसल्या, तेव्हा राग गेला.

४ फेब्रुवारी, रविवार

अष्टग्रहीचा आज दिवस. आठ ग्रह एका राशीत आले, जग बुडणार म्हणे. पुसदच्या बाजारात म्हणे चार दिवस मीठसुद्धा मिळेना. नाईकांनी नसाबसुद्धा पुढे ढकलली. जगच राहणार नसेल तर निकाल कोणासाठी द्यायचा! मी विचारलं, विषय काय आहे? नाईकांचे कारभारी म्हणाले, "तुह्या घरचाच हाये, देवीलालच्या मागचा." असेल शेताच्या वाटणीचा. मी खोलात गेलो नाही. संशोधकानं आधीच सगळं विचारून ठेवलं तर निरीक्षण काय करणार?

सगळा दिवस तांडा गप्प होता. कोणी शेतात गेलं नाही. भोजाई जमनीला मांडीवर घेऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "जग बुडालं तं सगळ्याइचं बुडंल. एकटीचं बुडते, त्याची भीती वाटते." हे वाक्य फार सुंदर आहे, पण प्रबंधात कुठं बसवावं कळेना. सूर्य मावळला, जग तसंच राहिलं, आणि याडीनं चूल पेटवली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नसाब पाहिली! माझी स्वतःची, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सकाळचं ऊन लिंबातून खाली गळत होतं. रामधन नाईक मधोमध, डाव्या हाताला कारभारी, मग जाणती माणसं, मग बाकीचे. भोजाईचे वडील फुलचंदही आले होते, झरीजामणीकडच्या तांड्यावरून. मला त्यांनी फार प्रेमानं जवळ बसवलं. मी कोण कुठं बसलं याचा नकाशा काढत होतो. अंतराअंतरानं बसलेल्या माणसांत कसला सुरेख गोल तयार होतो! ग्लारूसमध्येही असाच गोल असतो. नकाशा काढता काढता मला तो चौक परत दिसायला लागला. घंटा वाजतेय, माणसं डोंगर उतरून येतायत. नाईकांचा आवाज लांबून यावा तसा येत होता. देवीलालचं घर, असं काहीसं. घर उघडं राहू नये. जुनी रीत आहे. पोरगी आपली आहे.

मग एकाएकी सगळं शांत झालं. नाईक विचारत होते, "वांधो छ कांई?" माझ्याकडेच पाहून विचारत होते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सगळे माझ्याकडे पाहत होते. पेन्सिल थांबली. मी पुरता गोंधळलो, पण सरांची शिकवण आठवली. निरीक्षकानं मध्ये पडायचं नाही, नाहीतर निरीक्षण बाटतं. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. आणि ती शांतता! अंगावर काटा आला. जगातलं सगळ्यात सुंदर मतदान मी आतून ऐकलं.

गूळ वाटला तेव्हा पहिला खडा नाईकांनी माझ्याच हातावर ठेवला. संशोधकाचा केवढा हा मान! फुलचंदांनी मला मिठी मारली, त्यांचे डोळे भरले होते. भाबडी माणसं. शिकलेल्या पोराचं यांना किती कौतुक.

११ फेब्रुवारी, रविवार

भोजाईला काय झालं आहे? माझ्यासमोर आली की ओढणी पुढे ओढते. भाकर जमनीच्या हाती पाठवते. काल विहिरीवर भेटली, म्हटलं ग्लारूसचं पत्र अजून आलं नाही. ती घागर घेऊन गेली, अर्धी भरलेली.

याडी मात्र खुशीत. घर पांढऱ्या मातीनं पोतारायला काढलं. पेटीतून चांदीच्या घुगऱ्या काढून चिंचेनं घासत बसली. सवाशिणी केसांत माळतात त्या, भोजाईनं दादा गेल्यावर उतरवलेल्या. मी विचारलं, विकायच्यात का? याडी खो खो हसली. "विकतो कायले रे, बावळ्या!" तांड्यातल्या बायकासुद्धा मला पाहून ओढणीत तोंड लपवून हसतात. नागपूरला इतकी वर्षं राहून आलो तरी माझं इथं काही चुकतंच असावं. जाऊ दे. पळस पुरता फुलला. माळावर विस्तव पसरल्यासारखा दिसतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

इलेक्शन जवळ आलं. मागच्या खेपेला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. तेव्हा बायकांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं म्हणे. आता नवी पद्धत. एकाच चिठ्ठीवर सगळी चिन्हं, आवडेल त्यावर शिक्का मारायचा, घडी घालायची. नागोराव म्हणाले, तुम्ही शिकवा, तुमचं ते शास्त्रच आहे.

म्हणून आज ओसरीवर सराव मतदान घेतलं. खरी चिन्हं नको म्हणून मी कागदावर भाकर, घागर, खाट आणि चूल काढली. बटाटा कापून शिक्का केला. गोधडी टांगून आडोसा केला, पेटीच्या जागी तांब्या ठेवला. बायका आत जायच्या आणि हसत बाहेर यायच्या. हंसाबाई म्हातारी म्हणाली, "कोनावर मारू, नेमसिंग?" म्हटलं, तुझ्या मनाचं. "माह्या मनाचं काहून? नाईक सांगतीन तेच ना!"

भोजाई शेवटी आली. आडोशामागे गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. मी हाक मारली तर आतून आवाज, "थांबा ना जी, जीवभर थांबले, आता घटकाभर थांबा." मग आली. पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी तोंड उघडं होतं. चिठ्ठीची बारीक घडी घालून तिनं तांब्यात टाकली आणि हाताला लागलेली शाई ओढणीनं पुसली. म्हटलं, भोजाई, सरावच आहे, कशावर मारला सांग. म्हणाली, "सांगितलं तं सराव कसला?" आणि हसली.

ती कशी हसते हे लिहायचा प्रयत्न करतोय. आधी डोळे, मग एक गाल, मग दुसरा, ओठ सगळ्यात शेवटी. हे मतदार शिक्षणाचं टिपण आहे, आणि मी काय लिहीत बसलो! कशात काय अन् फाटक्यात पाय.

२१ फेब्रुवारी, बुधवार

मतदान. नाईकांनी फुलसावंगीच्या शाळेत जायला गाड्या जुंपल्या, बैलांच्या शिंगांना रंग दिला. आदल्या दिवशी नसाबीनं तांड्याचं मत ठरवलं होतंच. पुरुष पायी, बाया गाड्यांत. जत्राच!

याडी आणि भोजाई एका रांगेत. याडी बाहेर आली ती बोटाची शाई सगळ्यांना दाखवत. भोजाई बाहेर आली आणि शाळेच्या पायरीवरच थांबली. तिचा चेहरा मी लांबून पाहिला. देवळातून बाहेर येतात तसा नव्हता. काहीतरी स्वतःचं सापडल्यासारखा होता.

याडीनं विचारलं, "नाईकानं सांगितलं तिथंच मारला ना?"

ती म्हणाली, "मारला."

"कुठं?"

"कागदावर."

याडीचा पारा चढला. "घरचं मत घराले सांगत नाही! हे कोनं शिकवलं तुले?" आणि माझ्याकडे पाहिलं. येताना गाडीत याडी तोंड फिरवून बसली. मीही मागं चढून बसलो होतो. वाटेत एका वळणावर भोजाई हळूच म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे, "आत कोनीच नव्हतं. सासू नाही, बाप नाही, नाईक नाही. मले वाटलं, हे सारे लोक कुठं गेले? अन् कोनीतरी कागद देऊन मले पुसून राह्यलं होतं, बाई, तुह्यं काय म्हननं हाये."

२४ फेब्रुवारी, शनिवार

मी गाढव आहे. हे प्रबंधात नको, इथेच राहू दे.

नागोरावांकडे गेलो होतो. सरांचं पत्र आलं होतं, ते त्यांना दाखवायला. सरांनी लिहिलंय, ग्लारूसच्या सभेत स्त्रियांना मत नाही. आजही नाही. स्वित्झर्लंडच्या बऱ्याच भागात नाही. मी खट्टू होऊन बसलो होतो. नागोराव म्हणाले, "जाऊ द्या. लगीन कवा?"

"कोणाचं?"

"तुमचं जी. रुपीबाईसंगं पाट लावून राह्यले ना नाईक? सारा तांडा गूळ खाऊन बसला."

मी म्हटलं, गुरुजी, थट्टा नको. ते पाहतच राहिले. मग म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाले वळसा, ते हेच. तुम्ही नसाबीत बसले होते नं?"

बसलो होतो. नकाशा काढत होतो! धावत घरी आलो. याडी ज्वारी पाखडत होती. तिनं शांतपणे सगळं सांगितलं. रीत जुनीच. मोठ्या भावाची विधवा धाकट्याच्या घरी. फुलचंदांनी दुसरं स्थळ आणलं होतं, झरीच्या जंगलात लाकडाच्या ठेक्यावर मुकादम, बिजवर. तिकडे गेली असती तर जमनी इथेच राहिली असती, कारण पोरगी राठोडांची. नसाबीनं ठरवलं, त्यापेक्षा दीर बरा.

"अन् तिनं काय म्हटलं?"

"तिले कायले पुसतात?" याडी म्हणाली. "तुले पुसलं ना, तीन खेपा. तू गप्प राह्यला. गूळ खाल्ला. आता काय हात दाखवून अवलक्षण करतो?"

माझी सुंदर शांतता! मी तिच्यावर पंधरा पानं लिहिली आहेत.

२५ फेब्रुवारी, रविवार

भोजाई शेतावर एकटी होती. तुरीच्या पेंढ्या बांधत होती. मी म्हटलं, मला काही माहीत नव्हतं, देवाशपथ. तिनं पेंढीची गाठ मारली.

"मले वाटलं, माहीत हाये," ती म्हणाली. "मले वाटलं तुम्ही सारं समजून गप्प हाये, अन् वरून ग्लारूस सांगून राह्यले."

मला रडू आलं. खरंच आलं. ती दुसरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नाही म्हटलं तं जमनी जाते. हो म्हटलं तं मी जाते. मंग तोंड उघडून काय करू?"

मी म्हटलं, मी वांधो घेईन. रीतच आहे, एकानं जरी हरकत घेतली तरी नसाब पुन्हा बसलीच पाहिजे. तिथे तुला विचारायला लावीन. नाईकांना, सगळ्यांना. तुझं तोंडानं म्हणणं झाल्याशिवाय निकाल नाही.

तिनं हातातला विळा खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ कोणी माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. "तुम्ही?" म्हणाली.

"मी."

"अन् तुम्हाले सोताले…" इतकंच म्हणून थांबली. मी वाट पाहिली नाही, माझ्या डोक्यात मुद्दे जुळायला लागले होते. घाईघाईनं घरी येऊन मांडणी लिहून काढली. चांगली झाली आहे. इंग्लंडचा दाखला कुठं द्यावा याचाच विचार करतोय.

२६ फेब्रुवारी, सोमवार

नाईकांकडे गेलो. रामधन नाईक हुक्का ओढत होते. वांधो आहे म्हटल्यावर नळी तोंडातून काढली.

"गूळ खाल्ल्यावर वांधो? पोटात गेलेला गूळ आता कुठून काढशीन?"

म्हटलं, वांधो लग्नाला नाही, विचारण्याला आहे. ज्या माणसाचं आयुष्य ठरतंय त्याला विचारलं नाही.

"बाया नसाबीत बसत नाहीत, नेमसिंग."

"शाळेत मतदानाला तुम्हीच गाडीत घालून नेल्या ना त्यांना?"

म्हाताऱ्यानं हुक्का परत तोंडाला लावला, धूर सोडला. मला वाटलं हाकलतील. पण म्हणाले, "माह्या बापाच्या काळापासून या लिंबाखाली वांधो कोनी घेतला नाही. तू घेतला. घेतला म्हंजे बसाच लागते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडी भीती असावी. रीत त्यांचीच, आणि आता तीच त्यांना बांधून होती.

२ मार्च, शुक्रवार

लिहितो. जसं झालं तसं.

सगळे बसले होते. फुलचंदही परत आलेले. बाया जराशा लांब, गोठ्याच्या भिंतीला लागून. मी चार मुद्दे तयार केले होते, त्यातला एकही बोलता आला नाही. फक्त म्हणालो, "मारो वांधो छ. रुपीबाईला विचारा."

नाईकांनी हाक मारली. ती उठून आली. डोक्यावर ओढणी होती, पण तोंड उघडं. नाईकांनी विचारलं, "सांग बाई. दिराचं घर की झरीचं?"

ती म्हणाली, "नाईकबा, तुम्ही चिठ्ठीवर दोनच चिन्हं छापली. माह्यं चिन्ह त्यात नाही."

कुजबुज झाली. कारभारी खाकरले. ती थांबली नाही. "मी देवीलालच्याच घरात राहीन. त्याच्या वाट्याचं शेत मी करीन, आताही मीच करते. पोट्टी माह्याजवळ राहीन. सासू म्हातारी हाये, तिले मी टाकत नाही. दुसरं मले काही नको."

नाईकांनी विचारलं, "अन् नेमसिंगात काय वाईट हाये?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "वाईट काही नाही. भला मानूस हाये. माह्यासाठी भांडला." मग सगळ्या गोलाकडे वळली. "पन बोलावलं तुम्ही, वांधो घेतला त्यायनं, अन् मले हे पाहिजे का म्हनून तुमच्यातल्या एकानंही एकटं गाठून पुसलं नाही. त्यायनंही नाही."

तेव्हा कळलं. लिंबाखाली, सगळ्यांसमोर, इतक्या उशिरा. पंधरा फेब्रुवारीचं टिपण, शाळेची पायरी, तुरीच्या पेंढ्या, सगळं एकदम कळलं. मला ती हवी होती. रीत म्हणून नाही, भावाचं घर म्हणून नाही. मला रुपी हवी होती, आणि मी तिला ग्लारूस सांगत बसलो.

 मग नाईकांनी उठून विचारलं, "वांधो छ कांई?"

याडी भिंतीपाशी पुटपुटली, पण मोठ्यानं बोलली नाही. फुलचंदांनी फेटा नीट केला.

दुसऱ्यांदा विचारलं. कारभारी माझ्याकडे पाहायला लागले. एक शब्द पुरला असता. पुन्हा बसले असते, पुन्हा बोलले असते, तिच्या आणखी चार दिवस चार माणसांनी समजुती काढल्या असत्या. आमच्या रीतीत एका माणसाचा वांधो सगळ्यांना पुरतो.

तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी गप्प राहिलो. 

गुळाचा पहिला खडा नाईकांनी रुपीबाईच्या हातावर ठेवला.

६ मार्च, मंगळवार

आज निघालो, पुसदमार्गे नागपूरला. प्रबंध लिहायचा आहे, सगळा नव्यानं. याडीनं चार दिवस अबोला धरला होता, आज निघताना भाकरी बांधून दिली आणि रडली. म्हणाली, "दोघंही वेडे हाये माह्या घरचे."

फुलसावंगीच्या थांब्यापर्यंत गाडी रुपीबाईनंच हाकली. जमनी माझ्या ट्रंकेवर बसून होती. मोहाचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता, गोड, जड, झोप आणणारा. पण मला झोप येत नव्हती. थांब्यावर कोणी नव्हतं. बस दिसेना. मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काही खरोखर विचारलं.

"मी आधी विचारलं असतं तर?"

तिनं बैलाच्या मानेवरची माशी हाकलली. हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मले वाटलं होतं पुसतीन. धुऱ्यावर वाटलं, गोधडीमागं वाटलं, तुरीत तं पक्कं वाटलं. पन तुम्ही कुठं पुसून राह्यले होते, भाऊजी? तुम्ही तं लिहून राह्यले होते."

बस आली. जमनीला खाली उतरवलं, ट्रंक टपावर टाकली. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी पुसद म्हटलं.